बांधापलीकडची पवनचक्की : ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंडचं प्रकरण

या प्रकरणाची कागदपत्रं वाचताना माझं लक्ष सगळ्यात जास्त वेळ एका घरावर अडलं. ते घर बांधलेलंच नव्हतं.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात, टॅमवर्थ शहरापासून साठेक किलोमीटरवर, पील नदीच्या उगमाकडच्या अंगाला नंडल नावाचं गाव आहे. वस्ती तीनशेच्या आसपास. १८५० च्या दशकात इथे सोनं सापडलं आणि गाव वसलं. सोनं संपलं, मेंढ्या आणि गुरं राहिली, लोकरीची गिरणी राहिली, सुट्टीला येणारे पर्यटक वाढले. गावामागच्या डोंगरधारेवर ‘हिल्स ऑफ गोल्ड’ नावाचा पवनऊर्जा प्रकल्प उभारायचा प्रस्ताव २०१८ मध्ये आला आणि पुढे तो एंजी या फ्रेंच कंपनीकडे गेला. पवनचक्क्यांची संख्या कापत कापत ६४ वर आली. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या नियोजन खात्याने शिफारस केली की आणखी १७ गाळा आणि ४७ ना मंजुरी द्या. आजूबाजूच्या घरांसमोरचं दृश्य बिघडतं, हे त्यामागचं मोठं कारण होतं. त्या ‘घरां’पैकी एका ठिकाणी फक्त घर बांधण्याचा हक्क होता, भिंत एकही नव्हती. कंपनीने सांगितलं, ४७ वर आम्हाला परवडत नाही. मग सुनावण्या झाल्या, नवी कागदपत्रं आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या स्वतंत्र नियोजन आयोगाने ६२ चक्क्यांना मंजुरी दिली.

न बांधलेल्या घराच्या ओसरीवरून काय दिसेल यावर शेकडो मेगावॉटचं काम अडावं, हे लांबून पाहणाऱ्याला हट्टीपणाचं वाटेल. मला तसं वाटत नाही. आपल्या जमिनीच्या तुकड्यावर कधीतरी घर बांधू म्हणून आयुष्यभर थांबलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. तो तुकडा त्यांच्या डोळ्यांसमोर घरासकट असतो. समोरच्या डोंगरावर दोनशे मीटरहून उंच पाती फिरणार हे बाहेरच्या कुणीतरी ठरवलं आणि अशा माणसाला कळलं ते पत्र आल्यावर. त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हवामानबदल खरा की खोटा, हा नव्हे. तो विचारतो, आम्हाला विचारलं कुणी?

गेल्या पाच-सहा वर्षांत या प्रश्नाचं पीक कुणी काढलं, हे समजून घ्यायला न्यू इंग्लंडइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

पठार आणि त्याची जुनी सल

नावावरून अमेरिकेतला भाग वाटेल, पण हे न्यू इंग्लंड सिडनीच्या उत्तरेचं उंच पठार आहे. टॅमवर्थ, आर्मिडेल, युराला, वॉल्का, ग्लेन इनेस ही त्यातली मुख्य गावं. हिवाळ्यात हिमकण पडतात, ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे कुरणात विखुरलेले असतात आणि बारीक मेरिनो लोकरीसाठी हा मुलूख प्रसिद्ध आहे. मुळात ही अनाइवान आणि कमिलरोई लोकांची भूमी.

या भागाची राजधानीशी असलेली कुरबुर पवनचक्क्यांच्या कितीतरी आधीची आहे. सिडनी आपल्याला लुटते, आपला पैसा तिकडे जातो आणि रस्ते-रेल्वे तिकडेच होतात, म्हणून आपलं वेगळं राज्य हवं, अशी चळवळ इथे विसाव्या शतकात अनेक दशकं चालली. त्या काळच्या कंट्री पार्टीचे मोठे नेते तिच्यात होते. आजची नॅशनल पार्टी म्हणजे तीच कंट्री पार्टी, नाव बदललेली. एप्रिल १९६७ मध्ये प्रत्यक्ष सार्वमत झालं. पठारावरच्या लोकांनी होकार दिला, पण प्रस्तावित राज्याच्या हद्दीत न्यूकॅसल हे औद्योगिक शहर आणि त्याभोवतीचा भाग घातला होता. तिथल्या मतदारांनी ठाम नकार दिला आणि प्रस्ताव थोडक्यात पडला. वेगळ्या विदर्भाची चर्चा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही भावना समजावून सांगायला नको. राज्य झालं नाही, पण ‘आपल्याबद्दल दुसरेच ठरवतात’ ही सल मात्र घराघरात राहिली.

या मतदारसंघाने एरवी डोळे झाकून एकाच पक्षाला मत दिलं असंही नाही. २००१ ते २०१३ इथले खासदार होते टोनी विंडसर, अपक्ष. २०१० मध्ये त्रिशंकू संसद आली तेव्हा त्यांनी लेबर या मध्य-डाव्या पक्षाच्या ज्युलिया गिलार्ड यांच्या अल्पमतातल्या सरकारला पाठिंबा दिला. ग्रामीण भागात वेगवान इंटरनेट हवं, हे त्यामागचं एक कारण त्यांनी उघड सांगितलं होतं. उद्योगांच्या कार्बन उत्सर्जनावर किंमत लावण्याच्या निर्णयातही ते होते. म्हणजे याच पठारावरच्या शेतकऱ्यांचा प्रतिनिधी त्या वेळी हवामान धोरण घडवणाऱ्यांत बसत होता. ‘ग्रामीण लोक मुळातच याच्या विरोधात असतात’ असं जे सर्रास बोललं जातं, त्याला हा एवढा इतिहास पुरेसा आहे.

योजना कुणाची होती?

आता आंदोलनाच्या पाट्या वाचल्या तर वाटेल की हे सगळं कॅनबेऱ्यातल्या लेबर सरकारचं, ऊर्जामंत्री ख्रिस बोवेन यांचं कारस्थान आहे. तारखा लावून पाहिल्या की वेगळं दिसतं, आणि माझ्या मते या प्रकरणाचं मर्म या तारखांतच आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये न्यू साउथ वेल्सचा वीज पायाभूत सुविधांचा आराखडा जाहीर झाला. राज्यात सरकार होतं लिबरल आणि नॅशनल या उजवीकडच्या पक्षांच्या आघाडीचं. ऊर्जामंत्री मॅट कीन हे लिबरल, उपमुख्यमंत्री जॉन बॅरिलारो हे नॅशनल पार्टीचे. कोळशावरची जुनी वीजकेंद्रं एकेक करून बंद होणार, म्हणून २०३० पर्यंत किमान १२ गिगावॉट नवी वीज आणि ३२ अब्ज डॉलरची खासगी गुंतवणूक आणायची, असा तो बेत होता. त्यासाठी राज्यात पाच ‘अक्षय ऊर्जा क्षेत्रं’ ठरली. सर्वांत मोठं न्यू इंग्लंडचं, ८ गिगावॉटचं, आणि डिसेंबर २०२१ मध्ये ते रीतसर घोषित झालं. कायदा मंजूर होताना लेबर आणि ग्रीन्स यांनी साथ दिली. वरच्या सभागृहात दुरुस्त्यांचा ढीग टाकून त्याला अडवू पाहणारे होते मार्क लेथम, तेव्हा वन नेशन या कडव्या उजव्या पक्षाचे.

न्यू इंग्लंडच का, याचं तांत्रिक उत्तर सोपं आहे. पठार उंच आहे, वारा चांगला आहे, रात्री जास्त वाहतो, क्वीन्सलंडकडे जाणारी उच्चदाब वाहिनी आधीच इथून गेलेली आहे आणि दक्षिणेला हंटर खोऱ्यात कोळशाच्या केंद्रांसाठी उभारलेलं भक्कम जाळं तयार आहे. शिवाय काम आधीच सुरू झालेलं होतं. व्हाइट रॉक प्रकल्पाच्या ७० आणि सफायर प्रकल्पाच्या ७५ चक्क्या २०१७-१८ पासून ग्लेन इनेस परिसरात फिरत आहेत. युरालाजवळ मोठा सौर प्रकल्प आला आणि त्याच्या पॅनलखाली मेंढ्या चरतात. हे प्रकल्प झाले तेव्हा आजच्यासारखा भडका उडाला नव्हता.

मग भडका उडाला कशामुळे? एक म्हणजे, सुट्या प्रकल्पांच्या जागी एकदम ‘क्षेत्र’ आलं. नकाशावर एक मोठा ठिपका उमटला आणि त्या ठिपक्याच्या आतल्या प्रत्येक डोंगरधारेवर वेगवेगळ्या कंपन्यांचे दलाल फाटकं ठोठावू लागले. एकाच कुटुंबाकडे चार-चार कंपन्यांची माणसं येऊ लागली. कुणाचा प्रकल्प होणार, कुणाचा कागदावरच राहणार, हे कुणालाच कळेना, कारण वीज वाहून नेणारी वाहिनी नक्की कुठून जाणार हेच ठरलेलं नव्हतं. वाहिनीचा पट्टा नंतर जाहीर झाला आणि जाहीर झाल्यावरही बदलत राहिला. तो ठरेपर्यंत हजारो एकरांचे मालक आपल्या जमिनीचं काय होणार याच्या टांगणीला लागले.

दुसरी गोष्ट पैशाची. तिच्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण गावं तुटतात ती इथे.

एका बांधाच्या दोन बाजू

समजा दोन शेजारी आहेत. दोघांच्या आजोबांनी एकाच काळात जमीन घेतली. वणवा लागला की दोघं स्वयंसेवक म्हणून एकाच अग्निशमन बंबावर चढतात. २०१७ ते २०१९ चा दुष्काळ दोघांनी सोसला. त्या दुष्काळात आर्मिडेलचं पाणी संपत आलं होतं आणि नंडलजवळचं चॅफी धरण तळाला गेलं होतं. दोघांनी चारा विकत घेतला, दोघांनी पैदाशीची जनावरं विकली.

आता डोंगरधार पहिल्याच्या जमिनीत येते. कंपनी त्याच्याशी करार करते आणि प्रत्येक चक्कीमागे दरवर्षी भाडं, तेही पंचवीस-तीस वर्षं. पाऊस पडो न पडो, लोकरीला भाव मिळो न मिळो, पैसे येणार. शेतकऱ्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! मुलगा शहरातून परत येऊ शकतो, बँकेचा हप्ता चुकत नाही. दुष्काळात तग धरायला याहून चांगलं साधन मी तरी पाहिलेलं नाही, आणि जे शेतकरी हे करार करतात त्यांना ‘विकले गेले’ म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसऱ्याच्या जमिनीत धार नाही. त्याचं घर मात्र त्या धारेकडे तोंड करून आहे. त्याला चक्की दिसते, बांधकामाच्या दोन-तीन वर्षांत लांबलचक पाती वाहणारे ट्रक त्याच्या रस्त्यावरून जातात, आणि आपल्या शेतातली ठिणगी उडून शेजारच्या कोट्यवधींच्या यंत्राला लागली तर विमा कोण भरणार ही काळजी त्याच्या डोक्यात बसते. त्याला मिळतं काय? पूर्वी काहीच नाही, किंवा कंपनीच्या मर्जीने थोडंफार. शिवाय करारात गुप्ततेचं कलम. पहिल्याने किती घेतले हे तो सांगू शकत नाही. मग दुसरा अंदाज बांधतो, आणि अंदाज नेहमी मोठाच असतो. गिरणीत, पबमध्ये, चर्चच्या दारात दोघं भेटतात तेव्हा बोलण्यासारखं हवामानसुद्धा उरत नाही.

वाहिनीच्या मनोऱ्यांचं गणित आणखी वेगळं. चक्की नाकारता येते, वाहिनी नाकारता येत नाही. बोलणी फिसकटली तर सरकारी महामंडळ वहिवाटीचा पट्टा सक्तीने संपादन करू शकतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्याने अशा मालकांसाठी वेगळी योजना आणली. कायद्याने मिळणाऱ्या भरपाईखेरीज नव्या मोठ्या वाहिनीच्या प्रत्येक किलोमीटरमागे २ लाख डॉलर, वीस वर्षांत हप्त्याहप्त्याने. ज्याच्या शेतातून तीन किलोमीटर वाहिनी जाते त्याला वर्षाला ३० हजार डॉलर. रक्कम वाईट नाही. पण आराखडा २०२० चा आणि ही योजना २०२२ ची. मधली दोन वर्षं लोकांच्या हातात फक्त नकाशा होता. आणि ज्याच्या बांधाला लागून वाहिनी जाते, शेतातून जात नाही, त्याला या योजनेत काही नाही.

गावासाठी किती द्यायचं याचे आकडे राज्याने मार्गदर्शक तत्त्वांत घातले ते थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये. पवनऊर्जेसाठी दर मेगावॉटला वर्षाला १,०५० डॉलर, सौरऊर्जेसाठी ८५०. म्हणजे ३०० मेगावॉटच्या पवनप्रकल्पातून भोवतालच्या भागाला वर्षाला ३ लाख १५ हजार. हे चार वर्षं आधी, दलाल फाटकावर यायच्या आत ठरलं असतं, तर मला खात्री आहे की अर्धी भांडणं पेटलीच नसती.

मंजुरीची पद्धतही लोकांचा राग वाढवणारीच. असे मोठे प्रकल्प ‘राज्याच्या महत्त्वाचे’ ठरतात, म्हणून स्थानिक परिषदेच्या हातात निर्णय नसतो. परिषदेने विरोध नोंदवला किंवा ५० स्वतंत्र हरकती आल्या की प्रकरण स्वतंत्र आयोगाकडे जातं. साहजिकच दोन्ही बाजू हरकती आणि समर्थनपत्रं गोळा करायला लागतात, दूरदूरची माणसं पत्रं पाठवतात, आणि ज्याच्या खिडकीसमोर चक्की येणार आहे त्याचा आवाज त्या ढिगात एक क्रमांक होऊन जातो.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने या लोकसंवादाचा आढावा घ्यायला अँड्र्यू डायर यांना नेमलं. वीज पायाभूत सुविधांविषयीच्या तक्रारी ऐकणारे आयुक्त म्हणून ते बरीच वर्षं काम करत होते. त्यांच्या सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्यांपैकी ९२ टक्के लोक कंपन्यांनी स्थानिकांशी केलेल्या संवादावर नाराज होते. अशा सर्वेक्षणात आपणहून उत्तर द्यायला नाराज माणूसच पुढे येतो हे मान्य केलं, तरी हा आकडा झटकून टाकण्यासारखा नाही. सरकारने त्यांच्या सगळ्या शिफारशी स्वीकारल्या. कंपन्यांना त्यांच्या वर्तनावरून श्रेणी द्यायची, ही त्यातली एक.

दुसऱ्या बाजूला, अक्षय ऊर्जेच्या बाजूने काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका संघटनेने २०२४ मध्ये पूर्वेकडच्या राज्यांतल्या या क्षेत्रांमधल्या हजार लोकांना विचारलं, तेव्हा ७० टक्के लोक स्थानिक शेतजमिनीवरच्या अशा प्रकल्पांच्या बाजूने निघाले. संघटनेची भूमिका उघड आहे, त्यामुळे आकडा त्या नजरेनेच वाचावा. पण दोन्ही आकडे एकत्र ठेवले तर मला त्यांत विसंगती दिसत नाही. पवनचक्की बरी वाटणारा माणूस ती आणणाऱ्यांच्या वागण्यावर चिडलेला असू शकतो. राजकारणाने या दोन भावनांतलं अंतर पुसून टाकलं.

बार्नबी जॉइस

इथे बार्नबी जॉइस येतात. १९६७ मध्ये टॅमवर्थला जन्म, वॉल्काच्या बाजूच्या डोंगराळ भागात मेंढ्या-गुरांच्या शेतावर वाढलेले, आर्मिडेलच्या विद्यापीठात शिकलेले. पुढे क्वीन्सलंडच्या सेंट जॉर्ज गावात हिशेबनीस आणि तिथूनच सिनेटर. २०१३ मध्ये विंडसर निवृत्त झाले आणि जॉइस न्यू इंग्लंडचे खासदार झाले, नंतर पक्षनेते आणि उपपंतप्रधान. ऐन उमेदीत दुहेरी नागरिकत्वावरून न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली, आणि डिसेंबर २०१७ च्या पोटनिवडणुकीत त्याच लोकांनी त्यांना मोठ्या फरकाने परत पाठवलं.

त्यांची ताकद समजून घ्यायला हवी. ते गावच्या सभागृहात जातात. तिथल्या माणसाला वर्षानुवर्षं ओळखतात. तांत्रिक अहवालातलं वाक्य ते जेवणाच्या ताटात आणून ठेवतात. कार्बनच्या किमतीविरुद्धच्या लढाईत त्यांनी सांगितलं होतं की रविवारचं मटण १०० डॉलरला जाईल. ते कधीच गेलं नाही, पण वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. पवनचक्क्यांबद्दल बोलताना त्यांच्या भाषणांत फसवणुकीसाठीचा ‘स्विंडल’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. परदेशी कंपन्या, शहरी मंत्री आणि फाटकावरचा दलाल हे तिघं त्या एका शब्दात एकत्र बांधले जातात.

उजवा लोकानुनय म्हणतात तो असा काम करतो. लोकांच्या खऱ्या तक्रारीला तो हात घालतो, म्हणून तो खोटा वाटत नाही. पण तक्रार उचलली की तो तिची दिशा बदलतो. ‘माझ्या शेजाऱ्याला पैसे मिळतात, मला नाही’ या तक्रारीचं ‘ते उच्चभ्रू आपल्याला लुटतात’ असं रूपांतर होतं. पहिल्या तक्रारीवर उपाय निघू शकतो. दुसरीवर फक्त मत देता येतं.

आणि आता पुन्हा तारखा. ऑक्टोबर २०२१ मध्ये पंतप्रधान मॉरिसन यांच्या लिबरल-नॅशनल सरकारने २०५० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट स्वीकारलं तेव्हा नॅशनल पार्टीचे नेते आणि उपपंतप्रधान जॉइसच होते. मनातून विरोध होता, पण पक्षाने बदल्यात काही मिळवून होकार दिला आणि ते सरकारमध्ये राहिले. त्याच वर्षी न्यू इंग्लंडचं क्षेत्र घोषित झालं, राज्यात त्यांचाच पक्ष सत्तेत असताना. मे २०२२ मध्ये केंद्रातली सत्ता गेली आणि पक्षाचं नेतृत्व डेव्हिड लिटलप्राउड यांच्याकडे गेलं. मार्च २०२३ मध्ये राज्यातही लेबरचे ख्रिस मिन्स मुख्यमंत्री झाले. आता दोन्हीकडे लेबर. पक्षाने स्वतः आखलेल्या योजनेविरुद्ध रस्त्यावर उतरायला त्यानंतर काहीच अडचण उरली नाही.

६ फेब्रुवारी २०२४ ला कॅनबेऱ्यात संसदेसमोर मेळावा झाला. राज्याराज्यांतून शेतकरी आले, हाताने रंगवलेल्या पाट्या घेऊन. व्यासपीठावर जॉइस, लिटलप्राउड आणि वन नेशनच्या पॉलीन हॅन्सन. उत्तरेकडून महामार्गाने येणाऱ्यांना लेक जॉर्जच्या कडेने जाताना पाण्यापलीकडच्या टेकडीवर चक्क्यांची लांब रांग दिसते. कॅपिटल पवनप्रकल्पाच्या त्या ६७ चक्क्या पुण्याच्या सुझलॉन कंपनीच्या आहेत, २००९ पासून तिथे फिरताहेत. त्या टेकडीखालीही मेंढ्या चरतातच.

त्याच ऑगस्टमध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेविरुद्ध लेक इलवारा इथे झालेल्या सभेत जॉइस यांनी मतपत्रिकेला बंदुकीच्या गोळीची उपमा दिली, पंतप्रधान आणि मंत्र्यांची नावं घेत ती भरायला सांगितली. दुसऱ्या दिवसापासून टीका झाली आणि त्यांनी माफी मागितली. मला ते भाषण फार लागलं. ज्या लोकांकडे प्रामाणिक तक्रार होती, त्यांची तक्रार त्या दिवशी कुणी ऐकली नाही. बातमी गोळीची झाली.

लढाई एका सभागृहात, चक्की दुसऱ्याच कायद्यात

मे २०२५ च्या केंद्रीय निवडणुकीत लिबरल-नॅशनल आघाडीने सात ठिकाणी अणुऊर्जा केंद्रांचा पर्याय मांडला. त्यातलं एक लिडेल, पठाराच्या खालच्या हंटर खोऱ्यातलं. देशाने तो नाकारला. लेबरला १५० पैकी ९४ जागा मिळाल्या. नॅशनल पार्टीच्या ग्रामीण जागा मात्र बहुतेक टिकल्या, आणि न्यू इंग्लंडने जॉइस यांनाच निवडून दिलं.

जुलै २०२५ मध्ये जॉइस यांनी नेट झिरोचं उद्दिष्टच रद्द करणारं खासगी विधेयक आणलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या पक्षाने नेट झिरो सोडल्याचं जाहीर केलं, दोन आठवड्यांच्या आत लिबरलांनीही तेच केलं. म्हणजे ज्या मागणीसाठी ते भांडत होते ती मान्य झाली. तरीही त्यांनी पक्ष सोडला. २४ नोव्हेंबरला ते हॅन्सन यांच्या संसदेतल्या कार्यालयात जेवायला गेले, आणि सँडविच भाजायच्या यंत्रात शिजवलेल्या वाग्यू या महागड्या गोमांसाच्या त्या जेवणाचे फोटो देशभर फिरले. तीन दिवसांनी जॉइस नॅशनल पार्टीतून बाहेर पडले आणि ८ डिसेंबर २०२५ ला वन नेशनमध्ये गेले. नेतृत्वाशी बिनसलं होतं, हे त्यांनी लपवलं नाही.

ज्या पक्षाने ग्रामीण संतापाला घरात घेऊन वाढवलं, त्याच्याकडून तो संताप त्याहून मोठ्या आवाजाच्या पक्षाने उचलून नेला. नॅशनल पार्टीपाशी दुसरा मार्ग होता. ‘ही योजना आम्हीच आणली, तिच्यात शेजाऱ्यांना विसरलो, आता ते दुरुस्त करतो’ असं सांगता आलं असतं. स्वतःच्या योजनेशी नातं तोडल्यावर ती दुरुस्त करायचा अधिकारही गेला.

नंडलच्या माणसाच्या दृष्टीने पाहिलं तर मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. नेट झिरो हे केंद्राचं उद्दिष्ट आहे. डोंगरावर चक्की येणार की नाही, हे राज्याचा नियोजन कायदा आणि २०२० चा राज्याचाच वीज कायदा ठरवतो. कॅनबेऱ्यातलं विधेयक मंजूर झालं असतं तरी त्या न बांधलेल्या घरासमोरची एकही चक्की आपोआप हलली नसती आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याला एक डॉलरही मिळाला नसता. पाच वर्षं त्याला ज्या लढाईसाठी बोलावलं गेलं, ती त्याची लढाई नव्हती. त्याच्या लढाईला लागत होतं ते कंटाळवाणं काम. शेजाऱ्यांना ठरावीक अंतरापर्यंत कायद्याने वाटा, गुप्ततेच्या कलमावर मर्यादा, विम्याचा धोका कंपनीवर, चक्कीचं आयुष्य संपल्यावर ती काढून नेण्याची अनामत आधीच जमा. यासाठी मेळावा भरवता येत नाही.

यातलं काही काम सुरू झालं आहे, उशिरा का होईना. आणि घड्याळ थांबलेलं नाही. लिडेल केंद्र एप्रिल २०२३ मध्ये बंद झालं. देशातलं सर्वांत मोठं कोळशाचं केंद्र एरारिंग २०२५ मध्ये बंद व्हायचं होतं. नवी वीज वेळेत येत नाही हे दिसल्यावर मे २०२४ मध्ये त्याची मुदत २०२७ पर्यंत वाढवावी लागली, आणि जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा २०२९ पर्यंत. बेझवॉटर २०३३ पर्यंत चालवायचं ठरलं आहे. न्यू इंग्लंडची वाहिनी पठारावरून उतरून याच बेझवॉटरच्या जाळ्याला जोडायची आहे, आणि तिचा पहिला टप्पा २०३२ च्या सुमारास अपेक्षित आहे. मधल्या काळात केंद्रीय निवडणुका नक्की होतील. जॉइस यांनी न्यू इंग्लंडमधून पुन्हा उभं राहणार नाही असं आधीच सांगून ठेवलं आहे. मनोरे ज्या शेतांतून जायचे आहेत, तिथे मोजणीदार अजून फाटक उघडायला सांगत उभे राहतात. आतला माणूस त्यांना पहिल्यांदा विचारतो, वाहिनी माझ्या बांधाच्या कुठल्या बाजूने जाणार?